विषय: राजापूरच्या मामांचा दावा आणि मंडळाचं हमीपत्र

प्रेषक: खजिनदार
नमस्कार मंडळी,
आपल्या एका सभासदाच्या मामांची राजापूर तालुक्यातली हिश्शाची कलमांची (कलमी झाडांची) जागा चुलतभावाने परस्पर विकली. खरेदीखत रद्द करून ताबा मागायचा, तर दाव्याच्या किमतीनुसार कोर्ट फी भरावी लागणार. मामा मजुरीवर जगतात. ही फी मंडळाने उचलावी आणि तसं लेखी हमीपत्र त्यांना द्यावं, असा प्रस्ताव आहे. रविवारपर्यंत मत कळवा.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद (सध्या रत्नागिरी मुक्कामी)
खजिनदारसाहेब,
हमीपत्र कृपया पाठवू नका. त्याच कागदाने मामांचा नादारीचा (ऐपत नसल्याने फी न भरता दावा लावू देण्याचा) अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ प्रमाणे ज्याच्याकडे फी भरण्याइतकी ऐपत नाही, त्याला फी न भरता दावा लावता येतो. पण दाव्याचा खर्च करण्याचा करार दुसऱ्या कोणी अर्जदाराशी केला असेल, तर अर्ज नामंजूर करायचा, असं नियम ५ सांगतो. म्हणजे फी मंडळाने भरायची की कोर्टाकडे फीमाफी मागायची, हे आधी ठरवा. दोन्ही एकदम जमणार नाही. माझं मत माफीकडे आहे. भाऊबंदकीचे दावे वर्षानुवर्षं चालतात, आणि आपला निधी पहिल्याच पायरीवर संपला तर पुढे मामांच्या पाठीशी कोण राहणार?

शिवाय वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला हा हक्कच आहे, तेव्हा मामांनी तिथे संकोच करू नये. (स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तर उत्पन्नाची अटही नाही. गावाकडच्या आपल्या बहिणींना हे जरूर कळवा.)

प्रेषक: मामांची भाची
काका, मामांच्या नावावर राहतं घर आहे. कोर्ट म्हणेल, घर आहे, कलमं आहेत, मग गरीब कसे?

प्रेषक: तेच ज्येष्ठ सभासद
ताई, ज्या जागेवरून वाद आहे, ती ऐपतीत धरत नाहीत. जप्तीतून सूट असलेली मालमत्ताही धरत नाहीत. शेतकऱ्याचं किंवा मजुराचं राहतं घर त्यात येतं. बाकी जे काही असेल, पडीक तुकडासुद्धा, ते यादीत प्रामाणिकपणे लिहायचं. लपवलेलं उघड झालं की अर्ज तर जातोच, मामांचा शब्दही हलका होतो. सरकारी वकिलांना नोटीस जाते आणि ऐपतीची चौकशी होते.

अर्ज मामांनी स्वतः कोर्टात हजर राहून द्यायचा आहे. मुदतीची चिंता असेल तर लवकर द्या: अर्ज मंजूर झाला की दावा अर्जाच्या तारखेलाच लागला असं धरतात. आणि मामांना हे स्पष्ट सांगा, की ही फी कायमची सुटत नाही. निकालानंतर सरकार ती वसूल करू शकतं. दावा हरला तर मामांकडूनच.

तुम्हाला घरबसल्या करता येण्यासारखं काम आहे. महाभूमी या राज्य सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. मामांच्या नावाचे सगळे सातबारे आणि ८अ (खातेउतारे) या आठवड्यात काढून मला पाठवा, म्हणजे मालमत्तेची यादी त्यावरून करायला घेतो.