बावन्नाव्या वर्षी नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकार व्हावे का?

दांडियाबाजारकर (प्रश्न)

नमस्कार. मी वडोदऱ्याचा रहिवासी असून माझे वय ५२ आहे. एका खासगी रासायनिक कारखान्यात मी पाइपिंगचे आराखडे काढतो. हे काम पूर्वी ड्रॉइंग बोर्डवर होत असे, आता संगणकावर होते. गेली कित्येक वर्षे सुट्टीच्या दिवशी कमाटीबाग, मांडवी, न्यायमंदिर अशा ठिकाणी बसून जलरंगात चित्रे करतो. घराचे हप्ते फिटले आहेत आणि मुलगी नोकरीला लागली आहे, त्यामुळे राजीनामा देऊन पूर्णवेळ चित्रकला करण्याचा विचार मनात पक्का होत चालला आहे. पत्नीचा विरोध नाही. मात्र महिन्याचा खर्च कुठून भागणार ते आधी कागदावर दाखवा, असे तिचे म्हणणे आहे. आताच बाहेर पडावे की ५८ पर्यंत थांबावे, आणि या वयात कलेची पदवी घेण्याला काही अर्थ आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खडूपेन्सिल

तुमच्याच शहरातले उदाहरण घेऊ. भूपेन खख्खर हे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट होते. १९६२ मध्ये ते मुंबईहून वडोदऱ्याला आले, सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विभागात त्यांनी कलासमीक्षेचा अभ्यास केला, आणि चित्रकार म्हणून नाव होऊ लागल्यावरही पुढे बरीच वर्षे अर्धवेळ हिशेबाचे काम चालू ठेवले. ते आले तेव्हा तिशीच्या आत होते, त्यामुळे वयाचा दाखला म्हणून त्यांचे नाव घेणे योग्य होणार नाही. पण चित्रकार होण्यासाठी आधी राजीनामा द्यावाच लागतो, ही समजूत त्यांच्याकडे पाहून नक्कीच डळमळीत होते. वयाचाच दाखला हवा असेल तर फ्रान्सचा चित्रकार आंरी रूसो याचा आहे. पॅरिसच्या जकात खात्यातली नोकरी त्याने १८९३ मध्ये, ४९ व्या वर्षी सोडली. मात्र निवृत्तिवेतन तुटपुंजे असल्याने त्याला व्हायोलिनच्या शिकवण्या कराव्या लागल्या, हेही ध्यानात ठेवावे.

माझ्या मते तुमची खरी अडचण वेळेची नसून विषयाची आहे. मांडवी आणि न्यायमंदिर या शहरातला प्रत्येक हौशी चित्रकार रंगवतो (मीही रंगवले आहे, आणि ती चित्रे नातेवाइकांच्या भिंतींवर सुखात आहेत). खख्खर यांनी घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी अशी आसपासची माणसे त्यांच्या दुकानांसकट रंगवली, आणि त्यातून त्यांची स्वतःची वाट तयार झाली. तुम्ही सारी हयात ज्या नळ्या, झडपा आणि टाक्यांमध्ये काढली, त्यांची घडण तुमच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? एकाच विषयावर, एकाच आकाराची, मालिका म्हणून उभी राहतील इतकी चित्रे नोकरीत असतानाच करून पाहा. तसे करताना आराखड्याची सवय जरा आवरावी लागेल, कारण आराखड्यात प्रत्येक रेषा सारख्याच खात्रीने काढली जाते आणि चित्रात काही रेषा हरवू द्याव्या लागतात. हे पाहायचे असेल तर तुमच्याच शहरातल्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत. तिथे वही घेऊन रेषा कुठे जाड होते आणि कुठे विरते, एवढेच टिपत बसा.

पदवीबद्दल सांगायचे तर चार वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम तुमच्यासाठी महाग आहे, पैशाने नव्हे तर वर्षांनी. महाविद्यालयातून मिळणारी खरी गोष्ट म्हणजे आपल्या कामावर तोंडावर टीका करणारी माणसे, आणि ती महाविद्यालयाबाहेरही जमवता येतात.

जमाखर्च

वहिनींनी कागद मागितला आहे, तर तो असा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान १० वर्षे सेवा झाली असेल तर पूर्ण निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी मिळते. ५० नंतर ते लवकर घेता येते, पण जितकी वर्षे आधी घ्याल तितक्या वर्षांसाठी दरवर्षी ४ टक्के या दराने कपात होते आणि ती कायम राहते. म्हणून राजीनामा दिला तरी निवृत्तिवेतनाला लगेच हात लावू नये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनाही तुम्हाला एवढ्यात उपयोगी पडणार नाही, कारण तिच्यासाठी किमान वय ६० लागते आणि निवृत्त झालेल्यांना मिळणारी सवलतसुद्धा ५५ पासून सुरू होते.

सर्वांत जास्त विसरली जाणारी बाब आरोग्यविम्याची आहे. कंपनीची सामूहिक पॉलिसी नोकरीबरोबर संपते, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. त्यामुळे नोकरीत असतानाच स्वतःची पॉलिसी घ्यावी, म्हणजे हा काळ पगार चालू असताना सरतो.

चित्रविक्रीचे उत्पन्न पहिल्या काही वर्षांच्या हिशेबात शून्य धरावे. कलादालने विक्रीच्या किमतीतून साधारणपणे तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम ठेवतात, आणि फ्रेम, काच, वाहतूक यांचा खर्च बहुधा चित्रकाराच्याच माथी येतो.

पुष्पाबाग

वरच्या प्रतिसादांना एकच जोड. नोकरी सुटली की बहुतेक जण उत्साहाने तैलरंगांकडे वळतात. घरात काम करणार असाल तर खोलीत हवा खेळती हवी, कारण रंग पातळ करायला लागणाऱ्या टर्पेंटाइनचा वास घरच्यांनाही सोसावा लागतो. शिवाय तैलरंगातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून कडक होते, त्यामुळे वरच्या थरात खालच्यापेक्षा अधिक तेल असावे लागते, नाहीतर पुढे रंगाला तडे जातात. सध्या जलरंगच ठेवा, पण कागद आम्लरहित आणि रंग न विटणारे घ्या.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विम्याचा मुद्दा खरोखरच ध्यानात आला नव्हता. आठवड्यातून तीन दिवस कंत्राटी पद्धतीने काम देता येईल का, असे व्यवस्थापनाला विचारणार आहे. आराखडे तपासणाऱ्या जुन्या माणसांची तिथे कमतरता असल्याने नकार येईलच असे नाही. खडूपेन्सिल यांनी सुचवलेला विषय मनाला पटला, परंतु आवारात छायाचित्र काढण्यास सक्त मनाई आहे आणि स्केचवही घेऊन बसलो तरी सुरक्षारक्षक हटकतील. अशा वेळी काय करावे?

खडूपेन्सिल

आतला भाग घरी येऊन आठवणीने काढा; यंत्रे ओळखू येण्याइतका तपशील देऊ नका, म्हणजे कंपनीचीही हरकत राहणार नाही. शिवाय पाळी सुटताना फाटकाबाहेर सायकली, डबे आणि चहाची टपरी यांच्याभोवती जी माणसे थांबतात, त्यांना रस्त्यावर उभे राहून रेखाटायला कुणाची परवानगी लागत नाही.