लाल किल्ल्यावरचं भाषण आणि त्रिशूरच्या आजी

रामबागवाली
आमच्या खालच्या मजल्यावर केरळची एक मुलगी भाड्याने राहते, इथे इंदूरलाच नर्स आहे. चार वर्षांत तिचं हिंदी इतकं इंदुरी झालंय की भाजीवाल्याला ‘भिया’ म्हणते. गेल्या 15 ऑगस्टला तिची आई त्रिशूरहून आली होती. सकाळी दोघी आमच्याकडे पोहे-जिलबी खायला, टीव्हीवर लाल किल्ला. आजींना मल्याळमशिवाय काही येत नाही. पहिली दहा मिनिटं लेक वाक्यामागून वाक्य सांगत होती, मग थकली. त्यानंतर आजी नुसता फेटा बघत बसल्या. उठताना लेकीशी काहीतरी बोलल्या. मी विचारलं, काय म्हणाल्या? तर, “छान बोलतात म्हणे, पण आम्हाला कधी सांगणार?”

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. एवढ्या भाषांच्या देशात पंतप्रधानाने बोलायचं कोणत्या भाषेत? माझं मत सांगून टाकते. ज्या भाषेत त्याला मनापासून बोलता येतं त्या भाषेत, मग ती गुजराती असो की कन्नड. इतरांपर्यंत ते त्याच क्षणी पोचवायचं काम सरकारचं. ऐकणाऱ्याने भाषा शिकून यायची, ही अट नको.

सराफा_रात्रपाळी
ताई, आजींचं वाईट वाटलं, पण औषध चुकतंय तुमचं. पंतप्रधान कन्नडमध्ये बोलणार आणि मी पडद्याखाली सरकणारी अक्षरं वाचत बसणार? भाषण ऐकायचं असतं. 2011 च्या जनगणनेत 43.63 टक्के लोकांनी मातृभाषा हिंदी सांगितली, आणि आपल्यासारखे, ज्यांची मातृभाषा वेगळी पण हिंदी पक्की, ते त्यात धरलेलेच नाहीत. दुसऱ्या कुठल्या भाषेला हे जमतं?

आणि हे तुम्ही इंदूरमध्ये बसून लिहिताय! 1918 मध्ये गांधीजी इथेच हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. दक्षिणेत हिंदी शिकवायचं काम त्यानंतर सुरू झालं आणि त्यासाठी त्यांनी मद्रासला पोटचा मुलगा, देवदास, धाडला. गुजराती माणूस, विलायतेत बॅरिस्टर झालेला. त्याला कळलं होतं ते आपल्याला कळू नये?

लोकमान्यनगर_ते_चेन्नई
धाडला खरा. पुढचंही सांगा की. 1938 मध्ये राजाजींनी, म्हणजे तेव्हा मद्रास प्रांताचं सरकार चालवणाऱ्या राजगोपालाचारींनी, तिथल्या शाळांत हिंदी सक्तीची केली, आंदोलन पेटलं आणि 1940 मध्ये ती सक्ती मागे घ्यावी लागली. हेच राजाजी उतारवयात हिंदी लादण्याच्या विरोधात उभे राहिले. मग 1965. घटनेने इंग्रजीला दिलेली पंधरा वर्षं 26 जानेवारीला संपली आणि इथे माणसांनी स्वतःला जाळून घेतलं. लालबहादूर शास्त्रींना आकाशवाणीवरून शब्द द्यावा लागला की इंग्रजी जाणार नाही.

मी अकरा वर्षं चेन्नईत आहे. माझ्या घरमालकांचा हिंदीवर राग नाही, हिंदी गाणी ऐकतात. पण दिल्लीचा नेता हिंदीत सुरू झाला की म्हणतात, “हे त्यांचं आपापसातलं चाललंय.” म्हणून मी म्हणतो, इंग्रजी. ती कोणाचीच नाही, त्यामुळे कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

पेन्शनर_सुदामानगर
इंग्रजी कोणाचीच नाही असं फक्त ज्याला येते त्यालाच वाटतं. त्याच जनगणनेत पहिली, दुसरी, तिसरी सगळी धरून इंग्रजी येणारे साधारण साडेदहा टक्के. 14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री नेहरू इंग्रजीत बोलले. आमच्या आजोबांनी छावणीत कोणाच्या तरी रेडिओवर ते ऐकलं, एक अक्षर कळलं नाही, तरी रडले म्हणे. तशी रात्र पुन्हा येत नाही, आणि तेवढ्या भांडवलावर रोजचा कारभारही चालत नाही.

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. दर सप्टेंबरला हिंदी पखवाडा, निबंध स्पर्धा, बक्षिसाला स्टीलचा डबा. राजभाषा नियमांत हिंदी किती चालते त्यावरून देशाचे तीन तुकडे आहेत: क, ख आणि ग. मध्य प्रदेश ‘क’, महाराष्ट्र आणि गुजरात ‘ख’, तामिळनाडूला तर ते नियमच लागू नाहीत. घरात मराठी बोलणारा मी ‘क’मधला, आणि पुण्याचा माझा सख्खा भाऊ ‘ख’मधला! कलम 343 मध्ये हिंदी संघाची राजभाषा आहे. ‘राष्ट्रभाषा’ हा शब्द घटनेत कुठेही नाही, हे मात्र त्या निबंधांत एकानेही कधी लिहिलं नाही.

आता मुद्दा. 1996 मध्ये देवेगौडांनी लाल किल्ल्यावरून हिंदीत भाषण वाचलं. हिंदी त्यांना येत नव्हतं. मला ते बघताना सारखं वाटत होतं, हा माणूस बोलत नाहीये, तोंडी परीक्षा देतोय. शेतीवर कन्नडमध्ये तासभर बोलू शकणारा माणूस, आणि ऐकू काय आलं, तर उच्चार. त्या दिवसापुरतं मी ताईंच्या बाजूचा.

सराफा_रात्रपाळी
काका, ती परीक्षा त्यांनी दिली यातच त्यांचा मोठेपणा. मनमोहनसिंगांच्या हिंदी भाषणाचा कागद उर्दू लिपीत असायचा, पण बोलायचे हिंदीत. आणि ग्वाल्हेरचे अटलजी? 1977 मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून संयुक्त राष्ट्रांत हिंदीत उभे राहिले. जगासमोर चालतं, मग त्रिशूरसमोर का नाही?

रामबागवाली
भिया, हे तुम्हीच काढलंत ते बरं झालं. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा, हिंदी त्यांत नाही. तिथे हिंदीत बोलायचं तर भाषांतराची सोय आपणच करायची असते. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या परक्या माणसाच्या कानात आपण दुभाषा पोचवतो, आणि त्रिशूरच्या आजीला सांगतो की हिंदी शिकून या. अटलजी त्यांच्या भाषेत बोलले म्हणून ते भाषण भारी झालं. मी दुसरं काय म्हणतेय?

पुण्याची_नवी_सून
मी इथे सात महिन्यांची. सासरी मराठी आहे असं लग्नाआधी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी आत्या म्हणाल्या, “ती कुर्सी खिसकव जरा.” (आता मीही म्हणते.)

मला नेत्यांचं ते दोन वाक्यांचं प्रकरण आवडत नाही. सभेला आले की “कसे आहात? जय महाराष्ट्र!”, टाळ्या, आणि मग पाऊण तास हिंदी. पाहुण्याला दारात ओवाळायचं आणि आत जेवायला वाढायचं नाही, तसं ते वाटतं.

सिंगापुरी_इंदूरकर
इथे पंतप्रधान ऑगस्टमध्ये राष्ट्रीय दिनानंतर मोठं भाषण करतात. आधी मलय, मग मँडरिन, मग इंग्रजी. नुसतं भाषांतर नाही, मलयमध्ये मलय लोकांच्या गोष्टी, मँडरिनमध्ये वेगळ्या. ली कुआन यू यांचं घर इंग्रजी बोलणारं, मँडरिन त्यांनी मोठेपणी शिकली आणि म्हातारपणीही शिकवणी सोडली नाही. गंमत म्हणजे तमिळ ही चौथी अधिकृत भाषा, तिला त्या भाषणात जागा नाही.

सराफा_रात्रपाळी
तीन भाषांतही चौथी बाहेरच राहिली ना? आपल्या आठव्या अनुसूचीत बावीस आहेत. संध्याकाळपर्यंत भाषण चालेल, फेटा सुटेल.

लोकमान्यनगर_ते_चेन्नई
एकाच भाषेचा हट्ट धरला की काय होतं त्याचं उदाहरण शेजारी आहे. मार्च 1948 मध्ये जिना ढाक्यात गेले आणि म्हणाले, राज्यभाषा उर्दूच, दुसरी नाही. पाकिस्तानात निम्म्याहून जास्त लोक बंगाली बोलणारे. आणि हे सांगितलं कशात? इंग्रजीत! चार वर्षांनी, 21 फेब्रुवारी 1952 ला, तिथे बंगालीसाठी आंदोलन करणाऱ्यांवर गोळीबार झाला.

सराफा_रात्रपाळी
वा! आता आम्ही जिनांच्या रांगेत? रात्रभर सराफ्यातल्या खाऊगल्लीत गिऱ्हाईक सांभाळतो मी, तमिळ, तेलुगू, मारवाडी, सगळ्यांशी हिंदीतच बोलतो, कोणी रडत गेलेलं नाही. आणि इंग्रजीत कोणी वर-खाली नाही, हे तुमचं म्हणणं तुम्हीच जिनांच्या गोष्टीत उडवून लावलंत.

लोकमान्यनगर_ते_चेन्नई
रांगेत उभं केलं नाही. पण तो शेवटचा टोला बसला, मान्य.

पेन्शनर_सुदामानगर
भांडू नका. सुमित्राताई महाजनांचं कोणी बोललंच नाही. चिपळूणची माहेरवाशीण, इंदूरची सून, 1989 पासून सलग आठ वेळा आपली खासदार. 2014 ते 2019 लोकसभेच्या अध्यक्ष. सभागृह हिंदीत चालवलं, इंदूरच्या मराठी माणसाशी मराठीत बोलल्या, आणि दोन्हीकडे त्या घरच्याच वाटल्या. कलम 120 पाहा. ज्याला हिंदी-इंग्रजी नीट येत नाही त्याला मातृभाषेत बोलायची परवानगी अध्यक्षच देतात. राज्यसभेत 2018 पासून बावीसही भाषांतून बोलायची सोय आहे. खासदाराला मिळालं, पंतप्रधानाला का नको, एवढाच माझा सवाल.

आणि 1918 चं कौतुक करणाऱ्यांनी हेही ऐकावं. 1935 मध्ये गांधीजी पुन्हा इंदूरच्या हिंदी संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी इथेच मराठी साहित्य संमेलनही झालं, औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी अध्यक्ष. एका गावाला एका वर्षात दोन्ही पेलली.

ताई, एक व्यवहाराचं. ‘मन की बात’चं भाषांतर आकाशवाणी प्रादेशिक भाषांत लावते, मल्याळममध्येसुद्धा. आजींना ऐकवून बघा.

रामबागवाली
ऐकवलं. आजी दिवाळीला परत आल्या होत्या, लेकीने मोबाईलवर मल्याळममधलं लावून दिलं. पाच मिनिटं ऐकून म्हणाल्या, “हा आवाज तर दुसऱ्याच कोणाचा आहे.”

सराफा_रात्रपाळी
बघा! मी काय म्हणत होतो?

रामबागवाली
हो. पण लेक बंद करायला गेली तर म्हणाल्या, राहू दे, पुढचं ऐकायचंय.