बडोद्याचं हॉस्टेल आणि मेसचं जेवण : तुमचे अनुभव लिहा

यंदा भाची सांगलीहून बडोद्याला निघाली आहे, सयाजीराव विद्यापीठात. घरात फी, रिझर्वेशन, गादी-बादली सगळ्यावर बोलून झालं. जेवणाबद्दल मात्र "मेस आहे ना, मग झालं" एवढ्यावर विषय संपतो. मला ते पटत नाही. हॉस्टेलमधली वर्षं कशी गेली हे निम्मं तरी मेसवर ठरतं, कारण झोप, अभ्यास, मैत्री सगळं त्या वेळांना बांधलेलं असतं.

मी नव्वदच्या दशकात तिथेच फाइन आर्ट्सला होते. एचिंगची प्लेट ॲसिडमध्ये असली की ती सोडून जेवायला जाता येत नाही, आणि मेस तर ठरल्या वेळेला बंद होणार. मग शेजारच्या खोलीतली होम सायन्सची मुलगी मेसच्या महाराजांना, म्हणजे स्वयंपाक्यांना, सांगून माझं ताट झाकून ठेवायची. तिला प्रॅक्टिकलला उशीर झाला की मी तिचं ठेवायचे. भाचीला मी पहिली गोष्ट हीच सांगितली: जिच्या वेळा तुझ्या वेळांशी जुळत नाहीत अशी एक तरी मैत्रीण पहिल्याच आठवड्यात जोड.

बाकी तुम्ही लिहा. मेस कशी चालायची, पैसे कसे लागायचे, काय आवडलं, काय सोसलं. जुनं-नवं दोन्ही चालेल.

टेक्नॉलॉजीचा माजी विद्यार्थी, आता पुणे

आमच्या वेळी, म्हणजे 1980 च्या दशकात, आमची मेस ठेकेदाराकडे नव्हती. मुलंच चालवत. दर महिन्याला एक सेक्रेटरी, त्याच्या हाताखाली दोघं, आणि स्वयंपाकाला महाराज. पद्धत अशी: महिन्याचा सगळा खर्च एकत्र करायचा, किती ताटं उठली त्याने भागायचा, आणि ज्याची जितकी ताटं तितकं त्याचं बिल. गावाला जायचं असेल तर आदल्या दिवशी वहीत 'कट' लिहायचा. न लिहिता गेलात तर ताट तुमच्या नावावर पडणारच.

यातली मेख नव्या मुलांच्या लक्षात येत नाही. समजा खर्च 3 लाख आणि ताटं 6,000, तर ताटाला 50 रुपये पडले. त्या 3 लाखांत 1 लाख महाराजांचा आणि वाढप्यांचा पगार, भांडी वगैरे. तो काही कमी होत नाही. दिवाळीच्या महिन्यात निम्मी मुलं घरी गेली, ताटं 3,000 वर आली, तर धान्य-भाजीचा खर्च निम्मा होतो, पगार तेवढाच राहतो. ताट जवळजवळ 67 रुपयांवर जातं. जो मागे राहून परीक्षेचा अभ्यास करतोय, त्याला सगळ्यात महाग जेवण! आम्ही भांडून नियम बदलून घेतला: पगाराचा भाग सगळ्यांवर सारखा, धान्याचा भाग ताटांप्रमाणे. ज्यांच्या मेसमध्ये अजून ही पद्धत असेल त्यांनी हे जरूर मागावं.

सेक्रेटरी असताना महाराजांबरोबर पहाटे खंडेराव मार्केटला जायचो. पुढे महापालिकेची ती देखणी इमारत, मागे भाजीबाजार. महाराज भेंडीचं टोक मोडून बघायचे, गवार बोटांनी दाबायचे. तूरडाळीची मूठ उजेडात धरून दोन दाणे दाताखाली घालायचे आणि मगच पोतं उचलायला सांगायचे. मी स्वस्त भावाकडे ओढायचो, तर म्हणायचे, "भाई, सस्तुं नहि, ताजुं जुओ." चाळीस मुलं एकदम आजारी पडली तर काय होतं ते त्यांनी पाहिलेलं होतं. मी पुढे कारखान्यात खरेदीखात्यात आयुष्य काढलं. माल कसा बघायचा ते मी त्या माणसाकडून शिकलो, आणि हे त्यांना सांगायला मिळालं नाही याचं वाईट वाटतं.

सोलापूरकर, एम.एस्सी. (केमिस्ट्री)

गोड डाळ! पहिले काही आठवडे मी फक्त पोळी-भाजी आणि ताक घ्यायचे. रोटली मात्र अप्रतिम असते, पातळ, तूप लावलेली. पुढे कळलं की त्या डाळीतला गूळ एकटा येत नाही, कोकम किंवा लिंबू आणि शेंगदाणे असतातच, आणि भातावर गरम घेतली तर ती छान लागते. तरी घरून आलेली शेंगाचटणीची बाटली मी टेबलावर ठेवायचेच. भावनगरची, सुरतेची, केरळची मुलगी, सगळ्या त्यातून घ्यायच्या. भाचीला एक बाटली जास्त द्या, संपते.

बडोदेकर, दांडिया बाजार

मी हॉस्टेलात राहिलो नाही, पण हॉस्टेलवाले आमच्या घरात राहिल्यासारखेच होते. रविवारी रात्री मेस बंद. पोरं एक तर सेव-उसळ खायला जायची (पांढऱ्या वाटाण्याची, वरून शेव, कांदा, लसणाची हिरवी चटणी, सोबत पाव), नाही तर आमच्याकडे यायची. माझा वर्गमित्र लातूरचा होता. तो पहिल्यांदा आला तेव्हा आईने विचारलं, "मेसमध्ये भाकरी मिळते का रे?" तो नाही म्हणाला. त्यानंतर रविवारी आमच्याकडे ज्वारीची भाकरी ठरूनच गेली. आई त्याला सांगायची, "विचारत बसू नकोस, सरळ ये."

गायकवाडांच्या काळापासून इथे राहणारी मराठी घरं अजून पुष्कळ आहेत. आमच्या मराठीत गुजराती शब्द येतात, डाळीत थोडा गूळही पडतो, पण महाराष्ट्रातून आलेल्या पोराला आपण उपाशी ठेवणार नाही. भाचीला गणपतीत आमच्या भागात यायला सांगा. आरतीनंतर तिला जेवल्याशिवाय कोणी सोडणार नाही.

एका मुलीची आई, नाशिक

माझा अनुभव चांगला नाही, पण लिहायलाच हवा. माझी मुलगी विद्यापीठाच्या नव्हे, एका खाजगी हॉस्टेलात होती. जेवणासकट पैसे आगाऊ भरले होते. पावसाळ्यात मजल्यावरच्या मुली एकामागून एक काविळीने आजारी पडल्या. जेवणाला दोष देत सगळे भाजीकडे बघत राहिले. पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकण मोडलेलं होतं तिकडे कोणी पाहिलंच नाही. दूषित पाण्यातून कावीळ पसरते हे तिथल्या माणसांना सांगायला मला नाशिकहून जावं लागलं. मुलीचं सत्र बुडालं.

पालकांनो, हॉस्टेल बघायला गेलात की खोली नंतर बघा. जेवणं उरकल्यावर, भांडी घासत असतात तेव्हा मेसमध्ये जा. पाणी कुठून येतं, टाकी शेवटची कधी धुतली, ते विचारा. भिंतीवर अन्नसुरक्षेचा 14 अंकी परवाना लावलेला असायला हवा, तो शोधा. ताट वाढणाऱ्याचे हात बघा. कोणाला राग आला तर येऊ दे.

2024 च्या पुराच्या वेळी तिथे असलेला

ऑगस्टच्या शेवटी जन्माष्टमीला धरून पाऊस लागला आणि विश्वामित्री नदी 35 फुटांच्याही वर गेली. धोक्याची पातळी 25-26 फुटांच्या आसपास आहे, म्हणजे विचार करा. नदीतल्या मगरी वस्तीत आल्या. भाजी नाही, दूध नाही, वीज नाही. आमचे महाराज आणि त्यांचा पुतण्या घरी जाऊ शकले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं आणि ते इथे आमच्यासाठी मेणबत्तीच्या उजेडात खिचडी ढवळत होते. पाणी उतरल्यावर आम्ही वर्गणी काढली आणि त्यांच्या घरातला गाळ काढायला गेलो. मेसवर कितीही तक्रारी असू देत, स्वयंपाक करणाऱ्या माणसाशी मान ठेवून बोला.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिकच्या ताईंचा मजकूर मी बहिणीला जसाच्या तसा पाठवला आहे. शेंगाचटणीच्या दोन बाटल्या आजच भरल्या. दांडिया बाजारच्या दादांचं निमंत्रण भाचीने स्वतः वाचलं आणि "खरंच जाऊ?" असं विचारलं. मी हो म्हटलं आहे!

सध्या तिथेच, लॉ

ताई, जरूर पाठवा. एक कामाचं सांगतो: नवरात्रात गरब्यामुळे रात्रीचं जेवण लवकर उरकतात आणि मुलींच्या हॉस्टेलच्या गेटची वेळ बदलते, ती नोटिस बोर्डवर लागते. व्हॉट्सअॅपवर आलेल्या वेळेवर विसंबू नका. आणि तुम्हाला तिला भेटायला यायचं असेल तर 14 जानेवारीला या, उत्तरायणाला. दिवसभर सगळे गच्चीवर पतंग उडवत असतात, मेसमध्ये उंधियू-जिलबी असते. पाहुण्याचं कूपन मात्र आदल्या दिवशीच घेऊन ठेवायला सांगा.