सायकलसाठी खात्रीचे कुलूप कोणते घ्यावे? (सातारा)

सदरबझारकर :

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात माझ्या मुलाची गिअरची सायकल राजवाड्याच्या बाजूच्या एका गल्लीतून, शिकवणी सुरू असताना, भर संध्याकाळी चोरीला गेली. सायकलीला कुलूप होते. प्लास्टिकचे वेष्टण असलेली, चार आकडे जुळवून उघडणारी, बोटभर जाडीची वायर त्याने पुढच्या चाकातून आणि फ्रेममधून ओवून लावली होती, आणि त्या जाडीकडे पाहूनच आम्ही ती निर्धास्तपणे विकत घेतली होती. तो बाहेर आला तेव्हा वायर गटाराच्या कडेला पडलेली होती. मी ती घरी नीट पाहिली, तेव्हा आतल्या बारीक तारांची टोके खराट्यासारखी पसरलेली दिसली आणि त्या बोटभर जाडीतला निम्म्याहून अधिक भाग निव्वळ प्लास्टिकचा असल्याचे प्रथमच लक्षात आले.

आता दुसरी सायकल घेतली आहे. तिची किंमत अठरा हजार रुपये असून ती सकाळी महाविद्यालयात, दुपारनंतर पोवई नाक्याजवळच्या आणि राजवाड्याच्या शिकवण्यांना आणि रविवारी मित्रांबरोबर यवतेश्वरच्या घाटात अशी सगळीकडे फिरणार आहे. त्यामुळे कुलूप भक्कम तर हवेच, पण घाट चढताना पाठीवर धोंडा बांधल्यासारखे वाटणारेही नको. दुकानात गेले, तर एक जण साखळी दाखवतो, दुसरा यू आकाराचे कुलूप दाखवतो आणि तिसरा पुन्हा तसलीच वायर "ही जरा वरच्या प्रतीची आहे" असे म्हणत पुढे करतो. दोन हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. नेमके काय पाहून निवड करावी हे जाणकारांनी कृपया सांगावे, कारण कंपनीचे नाव कोणी सुचवले तरी ती वस्तू इथे मिळेलच असे नाही.

घाटवाट :

सायकल गेल्याचे वाचून वाईट वाटले. सल्ला देण्यापूर्वी एक विचारतो. वायर फक्त सायकलीतूनच ओवलेली होती, की एखाद्या खांबाला किंवा गजालाही बांधलेली होती? नुसती सायकलीतच असेल, तर ती न कापताही पुढचे चाक उचलून धरून सायकल ढकलत नेता आली असती, किंवा सरळ टेम्पोत टाकता आली असती.

सदरबझारकर :

बांधलेली नव्हती. गल्लीत विजेचा खांब आहे, पण तो वीस पावले पुढे आहे आणि मुलाला वर्गाच्या दाराशीच सायकल लावण्याची सवय होती.

जुनाफिटर :

मी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे सायकलीबद्दल नाही, पण लोखंडाबद्दल थोडे अधिकाराने लिहितो.

कुलपाची जाडी पाहण्याआधी त्याच्या पोलादाची जात पाहावी. लोहार जसे विळ्याला किंवा छिन्नीला पाणी देतो, तसेच चांगल्या कुलपाच्या दांड्यालाही पाणी दिलेले असते. तो तापवून झटकन थंड केलेला असल्यामुळे इतका कठीण होतो की हॅक्सॉचे पाते त्यावर धरत नाही. हे डोळ्यांना दिसत नाही, कारण साधी सळई वाकवून तिच्यावर काळा रंग चढवला की ती तितकीच रुबाबदार दिसते. म्हणून मी कुलूप घ्यायला जाताना खिशात एक बारीक तिकोनी कानस ठेवतो आणि दुकानदाराला विचारून, दांड्याच्या खटक्यात जाणाऱ्या टोकाजवळ, जिथे वेष्टण नसते तिथे, ती एकदाच ओढतो. साध्या लोखंडावर कानस लगेच चावते, हाताला खरखर जाणवते आणि मागे चांदीसारखी रेघ उमटते. पाणी दिलेल्या पोलादावर ती काचेवरून फिरवल्यासारखी सटकते आणि रेघ उमटलीच तर ती वरच्या मुलाम्याची असते. सगळेच दुकानदार याला परवानगी देत नाहीत, आणि जो देत नाही त्याच्याकडून मी कुलूप घेत नाही.

दुसरी परीक्षा लोहचुंबकाची आहे. स्वस्त कुलपांचे अंग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते. त्याला चुंबक चिकटत नाही आणि हातोड्याचे मोजके घाव बसले की ते तडकते. दांडा उत्तम पोलादाचा आणि अंग जस्ताचे अशी जोडी मी अनेकदा पाहिली आहे. अशा कुलपाच्या दांड्याला कोणी हातच लावत नाही.

वायरीच्या भानगडीत पुन्हा पडू नये. दुकानदार वरच्या प्रतीची म्हणतो त्या वायरीतही बारीक तारांचा पीळच असतो, आणि वायर कटर त्या एकदम कापत नाही, तर चार-चार, पाच-पाच करून कुरतडतो. जाडी वाढवल्याने चोराची काही सेकंदे वाढतात, इतकेच. साखळी याहून पुष्कळ बरी, विशेषतः चौकोनी किंवा षट्कोनी कड्यांची, कारण गोल कडीपेक्षा तिच्यावर कटरची पकड अवघड बसते. मात्र तिला घरातले दाराचे कुलूप लावून भागवू नये, कारण साखळी कितीही जाड असली तरी त्या कुलपाची कडी तितकी नसते. शिवाय चांगली साखळी दोन-अडीच किलोच्या घरात सहज जाते, म्हणजे आपला घाटाचा मुद्दा तिथेच संपतो.

माझा सल्ला यू आकाराच्या कुलपाचा आहे. दांडा १३ ते १४ मि.मी. जाडीचा, पाणी दिलेला असावा. त्याला कापायला हातभर लांबीचा बोल्ट कटर पुरत नाही, अडीच-तीन फुटांचा लागतो आणि तो शर्टाखाली लपत नाही. १६ मि.मी. घेतलात तर आणखी उत्तम, पण वजन वाढेल. दांड्याचे दोन्ही पाय खटक्यात अडकतात का, हे जरूर तपासावे. स्वस्त यू कुलपांत एकच पाय अडकतो आणि दुसरा नुसता खोबणीत बसतो. तसे असेल तर एकदा कापून दांडा पिळला की काम होते. दोन्ही अडकत असतील तर दोनदा कापावे लागते.

पाकिटावर कंपनीने स्वतःच छापलेले "दहापैकी आठ" असले गुण मनावर घेऊ नयेत, कारण ते त्या कंपनीच्या स्वतःच्याच कुलपांची आपापसातली तुलना दाखवतात. ब्रिटनमधील सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपे प्रत्यक्ष हल्ला करून तपासते आणि त्यांना कांस्य, रौप्य, सुवर्ण व हिरा अशा श्रेणी देते. ते चिन्ह आढळल्यास त्याला वजन द्यावे. तरीही बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे दोन हजारांतले कोणतेच कुलूप फार वेळ टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मात्र वर्दळीच्या गल्लीत संध्याकाळी ग्राइंडर लावणे म्हणजे ठिणग्या उडवून दवंडी पिटण्यासारखे आहे. माझ्या पाहण्यातल्या चोऱ्या पकडीने आणि वायर कटरनेच झालेल्या आहेत.

घाटवाट :

फिटरकाकांनी वस्तू सांगितली, मी ती लावायची कशी ते सांगतो, कारण आपल्या बाबतीत खरी गफलत तिथे झालेली दिसते.

यू कुलूप लहान असले की अनेकांना वाटते की त्यात चाक, फ्रेम आणि खांब हे सगळे मावणार नाही. अमेरिकेतील शेल्डन ब्राउन या ख्यातनाम सायकल मेकॅनिकने यावर सुचवलेला उपाय मी बरीच वर्षे वापरतो आहे. कुलूप मागच्या चाकाच्या रिममधून असे घालावे की ते फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत राहील, आणि त्याच फेऱ्यात खांब किंवा गज घ्यावा. कुलूप फ्रेमच्या एकाही नळीभोवती नसते, तरीही चाक त्या त्रिकोणातून बाहेर ओढता येत नाही, म्हणजे चाक आणि फ्रेम दोन्ही एकाच वेळी बांधली जातात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे पटत नाही; मुलाला घरी चाक ओढून पाहायला सांगावे. लहान कुलपाचा आणखी एक फायदा असा की आत पोकळी उरत नाही, त्यामुळे पहार किंवा नळी घालून पिळायला जागाच मिळत नाही.

पुढचे चाक हाताच्या खटक्याने निघणारे असेल, तर तो खटका काढून त्याजागी अॅलन कीने घट्ट होणारा आस बसवून घ्यावा. किरकोळ काम आहे, कोणताही सायकलवाला करून देतो. सीटचा खटकाही तसाच बदलावा.

कशाला बांधावे, याचाही विचार हवा. विजेचा खांब यू कुलपात मावत नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. त्याच्या आधाराची तिरपी नळी किंवा जवळच्या खिडकीचा भिंतीत पक्का बसवलेला गज पाहावा. ताणाच्या तारेला मात्र कधीही बांधू नये. दुकानांच्या पाट्यांचे बुटके खांब फसवे असतात, कारण सायकल कुलपासकट उचलून वरून काढून घेता येते. खांब एकदा हाताने हलवूनही पाहावा. घाटात जाताना कुलूप पाठीवरच्या पिशवीत ठेवू नये, फ्रेमवर त्याचे ब्रॅकेट बसवून घ्यावे; सव्वा-दीड किलो वजन फ्रेमवर जितके जाणवते त्याच्या दुप्पट ते खांद्यावर जाणवते. खरे तर रविवारी सगळे बरोबर असताना ते घरीच ठेवले तरी चालेल.

कृष्णाकाठ :

मी सांगलीची. वरील सर्व मान्य करूनही थोडा वेगळा सूर लावते. मागच्या चाकाला कायमचे बसवलेले, आऱ्यांमधून खिट्टी जाणारे जुन्या पद्धतीचे कुलूप आता गिअरच्या सायकलींवर दिसत नाही, पण मला ते फार उपयोगाचे वाटते. आमच्याकडे रस्ते सपाट असल्याने घरटी सायकल असते, आणि हरभट रस्त्यावर भाजी घेताना दोन मिनिटांसाठी कोणी पिशवीतून यू कुलूप काढत बसत नाही. खिट्टी ढकलली की झाले. त्याने सायकल उचलून नेणे थांबत नाही हे खरे, पण तिच्यावर बसून पळून जाणे थांबते. यू कुलूप असले तरी, मुलगा दुकानासमोर क्षणभर उतरतो तेव्हा सायकल उघडीच राहील, याचा विचार व्हावा.

सदरबझारकर :

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या आहेत. आकड्यांचे कुलूप घ्यावे की किल्लीचे? मुलाने आजवर घराच्या तीन किल्ल्या हरवल्या आहेत, म्हणून विचारते. आणि साताऱ्याच्या पावसात चार महिने हे कुलूप गंजणार नाही का?

जुनाफिटर :

किल्लीचेच घ्यावे. तीन आकड्यांच्या कुलपात एकूण १,००० जोड्या होतात, आणि एकेक जोडी तपासायला तीन सेकंद धरले तरी सगळ्या तपासायला ५० मिनिटे पुरतात. चार आकडे असले तरी स्वस्त कुलपात ताण देऊन चाकती फिरवली की योग्य आकड्यावर ती किंचित अडते, आणि सरावलेल्या बोटांना ते कळते. बरोबर दोन किल्ल्या येतात, त्यातली एक आपल्याकडेच ठेवावी आणि किल्लीवर क्रमांक कोरलेला असल्यास तो टिपून ठेवावा.

किल्लीचा आकारही पाहावा. नळीसारख्या गोल किल्लीचे स्वस्त कुलूप टाळावे. २००४ साली अमेरिकेत क्रिप्टोनाइट या नामांकित कंपनीची अशा किल्लीची कुलपे साध्या बॉलपेनच्या प्लास्टिक नळीने उघडत असल्याचे उघडकीस आले आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. तिने ती रचना पुढे सोडली, पण स्वस्त मालात गोल किल्ली अजून दिसते. चपटी, दोन्ही अंगांना खाचा असलेली किल्ली बरी.

पावसाबद्दल सांगायचे, तर किल्लीचे भोक नेहमी खाली तोंड करून लावावे आणि त्याला झाकण असलेले कुलूप निवडावे. खोबरेल तेल किंवा ग्रीस आत घालू नये, कारण त्यात धूळ बसून काही महिन्यांत चिकट राळ होते. ग्राफाइटची पूड चिमूटभर घालून किल्ली चार-सहा वेळा फिरवावी. जूनच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा केले की पुरते.

घाटवाट :

एक राहिले. पायडलांचा आस ज्या नळीतून जातो, तिच्या खालच्या बाजूला फ्रेमचा क्रमांक कोरलेला असतो. त्याचा, संपूर्ण सायकलीचा आणि पावतीचा फोटो आजच काढून ठेवावा, कारण तक्रार देताना पहिल्यांदा तोच विचारतात.

सदरबझारकर :

तो विचारला होता, आणि आमच्याकडे नव्हता.

कळवायचे राहू नये म्हणून लिहिते. काल १४ मि.मी. दांड्याचे, दोन्ही पाय अडकणारे, चपट्या किल्लीचे यू कुलूप साडेसतराशेला घेतले. पहिल्या दुकानात कानस काढताच मालकांनी कुलूप हातातून परत घेतले. दुसऱ्या दुकानातल्या आजोबांनी मात्र "द्या, मीच ओढतो" म्हणून स्वतः ओढून दाखवली आणि ती खरोखरच सटकली. नव्या सायकलीचा क्रमांक चिखल खरवडून वाचला आणि किराण्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. कृष्णाकाठ यांचे म्हणणे पटले, पण चाकाची ती खिट्टी या फ्रेमवर बसत नाही असे सायकलवाल्याने सांगितले.

गल्लीतल्या खांबाला आधाराची नळी निघाली आणि कुलूप तिच्यात नेमके बसते. अडचण एकच उरली आहे. वर्गातल्या आणखी चार मुलांनी आता त्याच नळीला सायकली बांधायला सुरुवात केली आहे, त्यामुळे जागा मिळवण्यासाठी चिरंजीव शिकवणीला दहा मिनिटे आधी निघू लागले आहेत.