रिपोर्टमधल्या 'इंडोलंट'ला 'आळशी' म्हणायचं का?

पहाटवारा:
बाबांच्या मानेवरच्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट आला. त्यात 'इंडोलंट लिम्फोमा' असं लिहिलंय (लिम्फोमा म्हणजे लसीका संस्थेचा कर्करोग). बाबांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी शब्दकोश उघडला आणि पहिलाच अर्थ मोठ्यानं वाचला: आळशी. त्यांचा चेहरा पडला. चाळीस वर्षं पहाटे साडेचारला उठून कामावर गेलेला माणूस. म्हणाले, "मी कधी आळस केला गं?" तो शब्द आजाराचा आहे, तुमचा नाही, असं मी सांगितलं खरं, पण मलाही धड कळलं नव्हतं.
फाइल चाळली तर नर्सच्या नोंदींमध्ये एके दिवशी 'लेथार्जिक', दुसऱ्या दिवशी 'लिस्टलेस', शिवाय आतड्यांची हालचाल 'स्लगिश'. शब्दकोशात सगळीकडे आळशी, सुस्त, मंद हेच फिरून फिरून येतं. इंग्रजीत इतके वेगळे शब्द आहेत, तर त्यांच्यात फरक असणारच. बाबांना पुन्हा चुकीचं काही वाचून दाखवायचं नाहीये मला.

दुभाषी:
मी वैद्यकीय मजकुराचं भाषांतर करते, त्यामुळे हा शब्द नेहमी भेटतो. लॅटिनमध्ये 'डोलेरे' म्हणजे दुखणं आणि आधीचा 'इन' नकाराचा. म्हणजे इंडोलंटचा मूळ अर्थ 'न दुखणारं'. इंग्रजीत सतराव्या शतकात तो वैद्यकातच आला, न दुखणाऱ्या गाठींसाठी. कष्ट टाळणाऱ्या माणसाला इंडोलंट म्हणायला लागले ते नंतर, अठराव्या शतकात. तुमच्या बाबांच्या रिपोर्टमधला अर्थ 'आळशी'पेक्षा जुना आहे, हे त्यांना जरूर सांगा. आज लिम्फोमाच्या बाबतीत त्याचा अर्थ 'हळूहळू वाढणारा'. अशा प्रकारांत पुष्कळदा लगेच औषध सुरू न करता नुसती नियमित तपासणी करतात. तुमच्याकडे काय करायचं ते अर्थात डॉक्टरच ठरवतील.
'लेथार्जिक' मात्र हलक्यात घेऊ नका. वैद्यकीय नोंदीत तो शब्द गुंगीत असलेल्या, नेहमीसारखा प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णासाठी येतो. तापलेल्या लहान मुलाबद्दल कुणी 'लेथार्जिक' लिहिलं आणि भाषांतरात ते 'आळसावलेलं' झालं, तर धोक्याची खूणच पुसली जाते. मी 'ग्लानी' लिहिते. त्या दिवशी नेमकं काय पाहिलं होतं, हे विचारून घ्या.

जुना_फळा:
इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली. मुलांना मी एकच विचारायला सांगायचो: या शब्दात दोष कुणाला दिलाय का?
'लेझी' आणि 'स्लॉथफुल' दोष देतात. हातपाय धड आहेत, करायचं मनात नाही. आपले ऐदी आणि कामचुकार त्याच पंगतीतले. 'लिस्टलेस'मध्ये दोष नाही. यातला 'लिस्ट' म्हणजे यादी नव्हे, तर इच्छा, असा जुना इंग्रजी शब्द आहे. कशातच मन लागत नाही, उठावंसं वाटत नाही, ती अवस्था. मराठीत याला 'मरगळ' इतका नेमका शब्द आहे की मला दुसरा शोधावासा वाटला नाही.
'स्लगिश' बहुतेक वेळा फक्त वेग सांगतो. आतडी मंदावली, बाजार मंदावला, नदी संथ झाली. गंमत बघा, 'स्लग' हा शब्द आधी सुस्त माणसासाठी होता, बिनशंखाच्या गोगलगायीला तो नंतर चिकटला. आपण भूक मंदावली म्हणतो तेव्हा पोटाला कुणी बोल लावत नाही, तसंच हे.
'आयडल'चा (idle) जुना अर्थ रिकामा, पोकळ. म्हणून तो यंत्रालाही चालतो आणि काम न मिळालेल्या माणसालाही. तिथे 'आळशी' लिहिणं म्हणजे त्या माणसावर अन्याय. 'डॉर्मंट' म्हणजे निजलेलं, पुढे जागं होऊ शकणारं: बी, ज्वालामुखी, बँकेतलं खातं.

तळटीप:
लेथार्जीबद्दल थोडी भर. ग्रीक 'लेथे' म्हणजे विस्मरण आणि 'आर्गोस' म्हणजे काम न करणारा. रॅले आणि रॅमसे यांना १८९४ मध्ये हवेत एक वायू सापडला. तो कशाशीच संयोग करेना, म्हणून त्याचं नाव याच 'आर्गोस'वरून आर्गॉन ठेवलं.

पहाटवारा:
तिघांचेही मनापासून आभार. रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. 'न दुखणारं' ऐकल्यावर त्यांनी मानेवरची गाठ बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "खरंच दुखत नाही गं." मग नदीचा भाग पुन्हा वाचायला लावला.
फायलीत 'लिस्टलेस'शेजारी पेन्सिलीनं 'मरगळ' लिहून ठेवलंय. 'लेथार्जिक'च्या तारखेवर खूण केलीय. परवा डॉक्टरांना भेटायचंय, तेव्हा आधी तेच विचारणार आहे.