टीव्ही बसला, प्रमाणपत्रंही झाली. आता शिकवण्यात तो नेमका कसा बसवायचा?

खडू-फळा (पांढरकवडा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची पहिली ते आठवीची शाळा आहे. सहावी ते आठवीचं गणित-विज्ञान माझ्याकडे. वर्गात ४३ इंची टीव्ही, एक जुना लॅपटॉप आणि १५० अँपिअर-अवर बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. नेटवर्क आवारात एका कोपऱ्यातच मिळतं, आणि पावसाळ्यात विजेच्या लाईनचा भरवसा नाही.

दीक्षा या सरकारी शिक्षण-पोर्टलवरचे 'निष्ठा' शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स पूर्ण केले, प्रमाणपत्रं फाइलला लागली. वर्गात मात्र फरक एवढाच पडला: पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायचा, व्हिडिओ लावायचा. पोरं शांत बसून पाहतात. नंतर तोच प्रश्न थोडा फिरवून विचारला की निम्मा वर्ग गप्प. काही मुलं घरी कोलामी बोलतात, त्यांना व्हिडिओतलं वेगवान मराठी निवेदन जड जातं.

आणखी एक कोर्स केल्याने हे सुटेल असं वाटत नाही. वर्षभरात स्वतःला या कामात तयार करायचं तर सुरुवात कुठून करावी? उपकरणं, धडा आणि स्वतःची प्रगती मोजणं, या तिन्हींबद्दल जाणकारांनी सांगावं.

इन्व्हर्टरवाला (वर्धा)

आधी उपकरणांचं सांगतो, कारण तिथं अडलं की पुढचं सगळं राहते.

पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतरापलीकडे बसलेल्या मुलाला बारीक अक्षर वाचता येत नाही. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण २१ इंच उंच असतो, म्हणजे शेवटचा मुलगा साडेदहा फुटांच्या आत हवा. मोठ्या खोलीत रांगा मोडून टाटपट्ट्या अर्धगोलात टाका. मुलं खाली बसत असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर ठेवा. खिडकीच्या अगदी समोरच्या भिंतीवर टीव्ही लावू नका, काचेत उजेडच दिसतो.

आता बॅटरी. १५० अँपिअर-अवर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून ९०० धरा. इन्व्हर्टरमधली घट वजा केली की हातात सुमारे ७५० उरतात. टीव्ही ८०, लॅपटॉप ५०, स्पीकर २०, मिळून १५० वॅट. म्हणजे पाच तास, तेही बॅटरी नवी आणि पूर्ण भरलेली असेल तर. त्याच बॅटरीवर ३०० वॅटचा प्रोजेक्टर अडीच तासांत ती संपवतो. म्हणून लाईन नसलेल्या गावात टीव्हीच बरा. स्पीकरमधून घूंऽऽ आवाज येत असेल आणि अडॅप्टर तापत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (झटक्याझटक्याने वीज देणारा) असण्याची शक्यता मोठी. नवा घेताना प्युअर साइन वेव्हचाच (लाईनसारखी एकसारखी वीज देणारा) मागा.

पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला ठेवा, तो जुन्या टीव्हीवरही चालतो. मात्र त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. आवाज येतो पण चित्र नाही, अशी तक्रार असेल तर व्हिडिओ बहुधा एच-२६५ चा (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत, जुना टीव्ही ती ओळखत नाही) आहे. एच-२६४ मधली एमपी-४ फाइल करून घ्या. फोन टीव्हीला जोडायला टाइप-सी ते एचडीएमआय वायर घेण्याआधी फोनच्या पोर्टमधून चित्र बाहेर जातं का ते तपासा. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ती सोयच नसते, आणि वायरचे पैसे वाया जातात. लॅपटॉपला साधी पाच मीटरची एचडीएमआय केबल पुरते. दहा मीटरची हलकी केबल घेतली की 'नो सिग्नल' दिसत राहते.

पावसाळ्यात सुटी होताना प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढायची. आकाशातली वीज नुसती बटण बंद करून थांबत नाही.

मेळघाट-मॅडम (धारणी)

सर, व्हिडिओ अख्खा लावणं आधी थांबवा. मुलं कुठं चुकतात ते एका घटकापुरतं पक्कं शोधा, आणि तेवढ्याच जागी पडदा वापरा. आठवीतलं 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' घेऊन दाखवते.

मुलांची ठाम समजूत असते की बल्ब करंट खाऊन टाकतो, म्हणून पुढच्या बल्बला कमी मिळतो. ही समजूत व्हिडिओ पाहून जात नाही, कारण व्हिडिओ मुलाला काही विचारत नाही. तेव्हा तासाची पहिली पाच मिनिटं टीव्ही बंदच ठेवा. फळ्यावर एका ओळीत जोडलेले दोन सारखे बल्ब काढा आणि विचारा, कोणता जास्त उजळेल? अ पहिला, ब दुसरा, क दोन्ही सारखे, ड एकही लागणार नाही. प्रत्येकाकडे अ-ब-क-ड लिहिलेली चार पुठ्ठ्याची कार्डं असू द्या आणि 'तीन' म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम छातीशी धरायची. हात वर करायला सांगितलं की सगळे हुशार पोराकडे पाहून हात करतात. आकडे फळ्यावर मांडा, पण उत्तर सांगू नका. बरोबर उत्तर ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालू द्या आणि पुन्हा मत घ्या. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी रूढ केलेली ही पद्धत आहे आणि तिला विजेची गरज नाही. तीस टक्क्यांपेक्षा कमी मुलं बरोबर असतील तर वादातून काही निघत नाही. सरळ प्रयोगावर या.

प्रयोगाला दीड व्होल्टचे तीन सेल आणि २.५ व्होल्टचे टॉर्चचे दोन बल्ब घ्या. दोन सेलवर बल्ब इतके मंद लागतात की दिवसा फरक कळत नाही. मात्र तीन सेलवर एकच बल्ब लावू नका, तो उडेल. इथं नेमकी एक अडचण येते: बाजारातले दोन बल्ब कधीच हुबेहूब नसतात. पहिला थोडा जास्त उजळला की पोरं म्हणतात, "पाहा, आमचंच खरं!" अशा वेळी बल्बांची जागा बदला. जास्त उजळणारा बल्ब दुसऱ्या जागीही तसाच उजळतो, म्हणजे फरक बल्बात आहे, जागेत नाही. हे मुलांच्या तोंडून निघेपर्यंत थांबा.

मग टीव्ही लावा. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाचं विद्युत परिपथाचं सिम्युलेशन फुकट आहे आणि त्याची एकच एचटीएमएल फाइल डाउनलोड होते. नेटच्या कोपऱ्यात एकदा उतरवून घेतली की लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. बॅटरी ९ व्होल्ट, बल्ब १० ओहम ठेवा. एका मुलीला बोलावून ॲमीटर बल्बच्या आधी लावायला सांगा: ०.९ अँपिअर. मग बल्बच्या नंतर: तेवढाच. दुसरा बल्ब ओळीत जोडला की ०.४५, आणि तो आकडा परिपथात कुठंही मोजा, बदलत नाही. डोळ्यांनी न दिसणारी ही गोष्ट दाखवण्यासाठीच पडदा हवा होता.

एक काळजी घ्या. हे सिम्युलेशन उघडताना इलेक्ट्रॉन दाखवतं, ते ऋण टोकाकडून निघतात. पुस्तकातला बाण धन टोकाकडून असतो. तासाआधी सेटिंग संकेतमान्य प्रवाहावर करून ठेवा, नाहीतर अर्धा तास दिशेतच जातो. शेवटची सात-आठ मिनिटं पडदा बंद करून नवा प्रश्न द्या: ओळीतल्या तीन बल्बांपैकी मधला काढला तर? पुन्हा कार्डं. हा आकडा वहीत नोंदवा.

कोलामी बोलणाऱ्या मुलांसाठी: व्हिडिओ लावायचाच असेल तर आवाज बंद करून तुम्ही बोला, दर दीड-दोन मिनिटांनी थांबवा. शेजाऱ्याशी वाद त्यांना त्यांच्या भाषेत घालू द्या. कल्पना आधी घरच्या भाषेत जुळते, मराठी शब्द मागून चिकटतो. आमच्याकडे कोरकू मुलांबाबतही हेच करावं लागतं.

खडू-फळा

मॅडम, फार उपयोगी. सेल-बल्बची यादी लगेच केली. दोन शंका आहेत. मी बनवलेल्या स्लाइड्स शाळेच्या लॅपटॉपवर उघडल्या की अक्षरांचा कचरा होतो. आणि मी सुधारतो आहे की नाही, हे कळायचं कसं? वर्गात फक्त गडबड वाढली असंही असू शकतं.

टंकलेखन कट्टा (अकोला)

स्लाइड्स कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केल्या असतील. त्या फॉन्टमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्येच टाइप करा, मंगल किंवा नोटो सॅन्स देवनागरी वापरा. जुनी फाइल असेल तर कन्व्हर्टरने बदलून घ्या आणि जोडाक्षरं, रफार हाताने तपासा, तिथं हमखास चुका राहतात. अक्षर ३२ पॉइंटच्या खाली नको. घाई असेल तर जुन्या संगणकावरच पीडीएफ करून न्या, फॉन्ट सोबत जातो.

वर्गनिरीक्षक (गडचिरोली)

सर, तुमची दुसरी शंका मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. ते तास नुसते कोर्सवर गेले तर हाती फक्त प्रमाणपत्र येतं. माझं स्पष्ट मत: वर्षात तीनच घटक निवडा, आणि कोर्स त्या घटकाच्या गरजेप्रमाणे निवडा.

कशात कमी पडतो हे ओळखायला पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ साली मांडलेली शिक्षकाच्या ज्ञानाची चौकट हाताशी ठेवा. त्याआधी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांचा मुद्दा होता की विषय येणं आणि तो शिकवता येणं यांच्या सांध्यावर शिक्षकाचं खास ज्ञान असतं. मिश्र आणि कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञान जोडलं. तास फसला की तीन प्रश्न विचारा. विषयच नीट कळला नव्हता का? कळला होता, पण मुलांची चूक ओळखता आली नाही का? की फक्त साधन हाताळता आलं नाही? तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. पहिल्यासाठी पुस्तक, दुसऱ्यासाठी मुलांच्या वह्या, तिसऱ्यासाठी शाळा सुटल्यावर लॅपटॉपसमोर अर्धा तास सराव.

मोजण्यासाठी फोन टेबलावर ठेवून वीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण करा. व्हिडिओ नको, तो करायला माणूस लागतो आणि मुलं कॅमेऱ्याकडे पाहतात. घरी ऐकताना तीनच गोष्टींवर रेघा मारा. किती वेगवेगळी मुलं बोलली? मुलांनी आपणहून किती प्रश्न विचारले? आणि प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती सेकंद थांबलात? शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असं दिसलं होतं. तीन सेकंदांपर्यंत थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. टीव्ही असलेल्या तासाला ही थांबण्याची वेळ आणखी घटते, कारण हात पुढच्या स्लाइडच्या बटणावर असतो. रिमोट मुलाच्या हाती देऊन पाहा.

गडबडीचं म्हणाल तर ध्वनिमुद्रणात ती ओळखता येते. मुलं बल्ब, सेल, आकडा यावर भांडत असतील तर ते काम आहे. कुणी कुठं बसायचं यावर भांडत असतील तर बैठक बदला.

मॅडमनी सांगितलेले कार्डांचे आकडे, सुरुवातीचे आणि शेवटचे, प्रत्येक तासाला एका पानावर लिहा. खाली मुलांची चुकलेली दोन उत्तरं जशीच्या तशी उतरवा. हेच पान केंद्राच्या शिक्षण परिषदेत (आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत) न्या आणि केंद्रप्रमुखांकडे वीस मिनिटं मागा. तिथं नुसता ॲप दाखवू नका. चुकलेली उत्तरं वाचून दाखवा आणि विचारा, तुम्ही इथं काय केलं असतं? शेजारच्या शाळेतला एखादा शिक्षक तोच घटक त्याच पद्धतीने घ्यायला तयार झाला तर पेन ड्राइव्हवर फाइल द्या आणि महिन्याभराने दोन्ही वर्गांची पानं शेजारी ठेवा. मुलांचे फोटो आणि नावं ग्रुपवर टाकू नका, पानावर क्रमांक पुरतो.

मेळघाट-मॅडम

तीन घटकांबद्दल सहमत. गणितातला एक जरूर घ्या. त्रिकोणाच्या कोनांच्या बेरजेला जिओजेब्रा (आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) उत्तम चालतं, नेटशिवायही. मात्र आधी प्रत्येकाने कागदाचा त्रिकोण कापून तिन्ही कोपरे फाडून जोडायचे, मग पडद्यावर शिरोबिंदू ओढायचा. उलट क्रम केला तर मुलं १८० हा आकडा नुसता पाठ करतात. कोनांची मापं पूर्णांकात गोल केलेली असतील तर बेरीज कधी कधी १७९ किंवा १८१ दिसते, म्हणून तासाआधी दोन दशांश स्थळं ठेवून घ्या.

इन्व्हर्टरवाला

एक राहिलं. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळची शाळा लागते, ते बरंच आहे. बहुतेक टीव्ही ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात, तेव्हा टिनाच्या छताखाली दुपारी लावूच नका. मे महिन्यात शाळा बंद झाली की कोणी बॅटरीकडे पाहत नाही. ती आपोआप उतरते, प्लेटांवर सल्फेट जमतं आणि जूनअखेर शाळा उघडते तेव्हा तासभरही चालत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घेऊन गावातल्याच एका माणसाकडे किल्ली द्या. महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी, एवढंच त्याचं काम. बोअरचं पाणी अजिबात टाकू देऊ नका. लॅपटॉप आणि केबल लोखंडी कपाटात ठेवा, उंदीर रबर सोडत नाहीत. आणि जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) बॅटरीच्या खरेदीची तारीख लिहून ठेवा, वॉरंटीसाठी दुकानदार तीच आधी मागतो.