मदत हवी आहे: एकाच काचेवरच्या झिंक ऑक्साइडच्या थराची रेझिस्टिव्हिटी जागोजागी दहापट वेगळी का येते?

नमस्कार मंडळी,

अ‍ॅल्युमिनियम मिसळलेल्या झिंक ऑक्साइडचे (पुढे नुसतं एझेडओ म्हणते) पारदर्शक, वीजवाहक थर काचेवर बनवतेय. पद्धत आरएफ मॅग्नेट्रॉन स्पटरिंग, म्हणजे आर्गॉनच्या प्लाझ्मातले आयन 'टार्गेट' नावाच्या चकतीवर आदळवून तिचे अणू उडवायचे आणि काचेवर बसवायचे. टार्गेट सिरॅमिकचं, दोन इंची, वजनाने २ टक्के अ‍ॅल्युमिना असलेलं. टार्गेट ते काच अंतर ५ सेंमी, आर्गॉनचा दाब ०.५ पास्कल, पॉवर १०० वॅट. थर साधारण ३०० नॅनोमीटरचा. काच टार्गेटच्या बरोबर समोर असते आणि होल्डर फिरत नाही.

हीटर न लावता बनवलेल्या थरावर फोर-पॉइंट प्रोब (चार सुयांचा रेझिस्टन्स मोजणारा) ठेवला की मधोमध शीट रेझिस्टन्स (थराच्या चौरस तुकड्याचा रेझिस्टन्स) पन्नास-साठ ओहम येतो. तिथून दीडेक सेंमी बाजूला सरकलं की सहाशेच्या वर! आणखी कडेला गेलं की पुन्हा उतरतो. डोळ्यांना मात्र थर सगळीकडे सारखाच नितळ दिसतो. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्यात) (००२) या स्फटिक-प्रतलांचा पीक दोन्हीकडे आहे. मधल्या तुकड्यात तो ३४.४ अंशांवर आहे, बाजूच्यात ३४.२ वर, आणि तिथे जरा पसरट.

काच २५० अंश सेल्सिअसला ठेवून थर दिला तर फरक बराच कमी होतो, पण जात नाही. ४०० ला नेलं तर सगळ्या काचेचाच रेझिस्टन्स वाढतो. आर्गॉनमध्ये १ टक्का ऑक्सिजन सोडून पाहिला, तर प्रोबच्या रेंजबाहेर गेलं. तापमान, दाब, ऑक्सिजन यांतलं आधी काय बदलू? एकेक करून सगळं तपासायला मशीनचा वेळ मिळणार नाही. हॉल मेजरमेंटची (वाहक इलेक्ट्रॉनांची संख्या आणि चाल वेगवेगळी मोजण्याची) सोय नाही, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर आहे.

प्रतिसाद १

जाडी दोन्ही ठिकाणी मोजली का? शीट रेझिस्टन्स म्हणजे रेझिस्टिव्हिटी भागिले जाडी. स्थिर काचेवर जाडी सारखी पडतच नाही. ती मोजल्याशिवाय 'रेझिस्टिव्हिटी दहापट' असं शीर्षक देऊ नये, असं माझं मत.

प्रश्नकर्ती

मोजली आहे, लिहायचं राहिलं. प्रोफाइलोमीटरवर दोन जागांत दहा टक्क्यांच्या आतबाहेर फरक आहे. त्याने दहापट होणार नाही.

प्रतिसाद २

टार्गेट काढून बघा. त्यावर झिजून गोल खाच पडली असेल. तिची त्रिज्या किती? दीड सेंमीच्या जवळपास असेल तर कोडं सुटलं.

मॅग्नेट्रॉनमध्ये चुंबकामुळे प्लाझ्मा एका कड्यात दाटतो आणि टार्गेट तिथेच झिजतं. ऑक्साइडच्या टार्गेटवरून सुटणाऱ्या ऑक्सिजनपैकी काही अणू इलेक्ट्रॉन घेऊन ऋण आयन होतात. टार्गेट स्वतः ऋण विभवावर असल्याने ते त्यांना दूर फेकतं, म्हणजे सरळ तुमच्या काचेकडे. त्यांची ऊर्जा शंभराच्या पटीत इलेक्ट्रॉन-व्होल्ट असू शकते, तर स्पटर होऊन आलेल्या जस्ताच्या अणूंकडे जेमतेम काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात. त्यामुळे खाचेच्या बरोबर समोर वाढणाऱ्या थरावर सतत मारा होत राहतो. स्फटिकाच्या जाळीत जादा ऑक्सिजन घुसतो, जस्ताच्या जागा रिकाम्या पडतात. हे दोष इलेक्ट्रॉन पकडतात आणि उरलेल्यांची वाट अडवतात.

तुमचा एक्सआरडी हेच सांगतोय. कॉपरच्या के-अल्फा किरणांना ३४.२ अंश म्हणजे सी-अक्ष (स्फटिकाच्या एककाची उभी लांबी) सुमारे ५.२४ अँगस्ट्रॉम, तर मोकळ्या, ताण नसलेल्या झिंक ऑक्साइडचा ५.२१ च्या आत. उभ्या दिशेने जाळी अर्ध्या टक्क्याहून जास्त ताणली गेली आहे, म्हणजे थर आडव्या दिशेने दाबाखाली आहे. मारा खाल्लेल्या थराची ही नेहमीची खूण.

म्हणून तापमान, दाब, ऑक्सिजन यांपैकी कशालाच आधी हात लावू नका. काच दोन सेंमी बाजूला सरकवा, बाकी सगळं तसंच ठेवा. वाईट पट्टा टार्गेटसमोरच राहिला तर कारण आयन. काचेबरोबर सरकला तर होल्डर, हीटर किंवा काचेची सफाई बघा. पेपरांतल्या तक्त्यांत दाब, पॉवर, तापमान सगळं असतं, पण काच टार्गेटच्या नेमकी कुठे समोर होती हे बरेचदा नसतंच. मग दुसऱ्याला तोच आकडा मिळत नाही आणि दोष बिचाऱ्या ऑक्सिजनवर जातो.

प्रतिसाद ३

वरच्याशी सहमत. ऑक्सिजनबद्दल थोडं. सिरॅमिक टार्गेटमध्ये ऑक्सिजन मुळातच आहे. धातूचं टार्गेट असतं तर तो बाहेरून देणं भागच होतं. तुमच्याकडे शुद्ध आर्गॉनने सुरुवात करा आणि थर करडा-पिवळसर पडायला लागला तरच अगदी चिमूटभर सोडा. एझेडओत वाहक इलेक्ट्रॉन मुख्यतः जस्ताच्या जागी बसलेल्या अ‍ॅल्युमिनियमकडून येतात. ऑक्सिजन जास्त झाला की अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड बनतो आणि ते निकामी होतं.

४०० अंशांचं कोडं वेगळं आहे. एक, तापलेल्या पृष्ठभागावरून जस्त उडून जायला लागतं. दोन, काच साधी सोडा-लाइम असेल तर तिच्यातलं सोडियम थरात चढतं. तीन, थंड होताना चेंबरमध्ये काय असतं? ऑक्सिजन किंवा हवा असेल तर ती कणसीमांवर (स्फटिककणांच्या सांध्यांवर) चिकटून इलेक्ट्रॉन ओढून घेते. निर्वातातच शंभर अंशांखाली येऊ द्या, मगच उघडा. हीटरमधल्या थर्मोकपलवर ४०० दिसत असलं तरी काचेचा पृष्ठभाग त्याहून बराच थंड असू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्नकर्ती

खाचेची त्रिज्या १.४ सेंमी निघाली. काच सरकवून थर दिला. वाईट पट्टा टार्गेटसमोरच राहिला, काचेवर मात्र दुसरीकडे गेला. म्हणजे आयनच! खूप आभार.

मग दाब वाढवून आयन मंद करता येतील ना? २ पास्कलला नेऊ?

प्रतिसाद २

मंद होतील, पण जस्ताचे अणूही मंद होतील. ०.५ पास्कलला आर्गॉनमधला सरासरी मुक्त पथ (दोन टकरांमधलं अंतर) साधारण सव्वा सेंमी असतो, २ पास्कलला तीनेक मिलिमीटर. इतक्या टकरा खाऊन काचेवर पोचलेल्या अणूंकडे पृष्ठभागावर सरकायला ऊर्जा उरत नाही. उभे, सुटे सुटे खांब वाढतात आणि मध्ये फटी राहतात. थॉर्नटन या संशोधकाने १९७४ मध्ये दाब आणि तापमानानुसार थराच्या रचनेचा जो नकाशा मांडला, त्यातला हा जास्त दाब, कमी तापमानाचा कोपरा. असा थर पहिल्या दिवशी बरा वाटतो, मग फटींतून हवेतली वाफ शिरते आणि रेझिस्टन्स चढत जातो. १ पास्कलच्या पुढे मी तरी जाणार नाही.

त्यापेक्षा काच खाचेच्या वर्तुळाबाहेर कायमची सरकवा आणि २०० ते २५० अंश ठेवा. थर पडण्याचा वेग कमी होईल, तेवढा वेळ वाढवा. होल्डर फिरवायची सोय झाली तर उत्तमच, पण टार्गेटच्या अक्षाभोवती फिरवून उपयोग नाही. पट्टा तसाच राहील.

प्रतिसाद ३

हॉल नाही म्हणालात. स्पेक्ट्रोमीटरवर निम्मं काम होईल. शोषणाची कड, म्हणजे ज्या तरंगलांबीखाली थर प्रकाश शोषायला लागतो ती, दोन्ही जागी बघा. निव्वळ झिंक ऑक्साइडची ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, म्हणजे ३७५ नॅनोमीटरजवळ असते. वाहक भरपूर झाले की बर्स्टीन-मॉस परिणामामुळे (खालच्या ऊर्जापातळ्या आधीच भरलेल्या असल्याने शोषणाला जास्त ऊर्जा लागते) ती कमी तरंगलांबीकडे सरकते. खराब पट्ट्यात कड ३७५ कडे परतली असेल तर वाहकच घटलेत. दोन्हीकडे सारखी असेल तर संख्या तेवढीच आहे, चाल मंदावली आहे.

आणि मोजण्याआधी नमुने रात्रभर अंधारात ठेवा. झिंक ऑक्साइडला अतिनील किरण लागले की वाढलेली वाहकता तासन् तास टिकते. मारा खाल्लेल्या, जास्त रेझिस्टन्सच्या पट्ट्यात हे जास्त दिसेल. खिडकीशी ठेवलेल्या तुकड्याची कपाटातल्या तुकड्याशी तुलना करू नका.

प्रश्नकर्ती

पट्ट्यातली कड मधल्यापेक्षा १२ नॅनोमीटरने ३७५ च्या बाजूला आहे. म्हणजे वाहक घटलेत. आता २५० अंशांना, वर्तुळाबाहेर, शुद्ध आर्गॉनमध्ये थर देऊन निर्वातातच थंड करणार आहे. टार्गेट जुनं होत जाईल तशी खाच खोल होते, मग तिच्या उतारावरून आयन तिरके सुटून वर्तुळाबाहेरही पोचतील का?

प्रतिसाद २

हो, पोचू शकतात. नवीन टार्गेट लावताना आणि नंतर अधूनमधून एका लांब काचेवर हीटर न लावता थर देऊन शीट रेझिस्टन्सचा नकाशा काढून ठेवा. पट्टा रुंदावला की काच आणखी सरकवा.